माझ्या बांधावर कुणी आलं नाही

माझ्या आईचा आवाज ऐकून अख्खं सभागृह हसलं.

कॉलेजचं मोठं सभागृह. एसी चालू. पुढे विभागप्रमुख, मागे गच्च भरलेली पोरं. स्टेजवर आमच्या टेक्निकल क्लबचा अध्यक्ष, ईशान. त्याने मोबाइल माइकजवळ धरला, बटण दाबलं, आणि माझी आई बोलायला लागली.

"बायांनो, आयका गो. बुधवारी सुईवाली बाय येनार हाय. पोरांना घेऊन अंगनवाडीवर या. जेवनाच्या आत या गो."

'आयका गो'ला पहिला हशा. 'सुईवाली बाय'ला दुसरा. मागून कुणीतरी तोच सूर धरून ओरडलं, "या गो!" मग शिट्ट्या. ईशानने हशा पुरता होऊ दिला. कुठे थांबायचं ते त्याला बरोबर कळतं. मग म्हणाला, "सो ऑथेंटिक ना?"

मी स्टेजच्या बाजूला पडद्यामागे उभी होते. लुगडं नेसून. आईचं लुगडं. क्लबचं काम बघणाऱ्या मॅडमनी मुद्दाम घरून आणायला सांगितलं होतं. मी नेसून आले तर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"हे तर साडीसारखंच दिसतंय. तुमच्याकडे गुडघ्यापर्यंत असतं ना? तसं नेस."

मी वर खोचलं. ज्या कॉलेजात मी रोज जीन्स घालून येते, जिथे माझे वर्गमित्र बसलेले, तिथे गुडघ्यापर्यंत लुगडं खोचून त्या गार हवेत उभी राहिले. माझी आई तसं लुगडं खोचते ते चिखलात उतरायचं म्हणून. इथे चिखल नव्हता. इथे फक्त बघणारे होते.

"आणि आता," ईशान माइकवर म्हणाला, "ज्या समाजासाठी हे ॲप आहे, तिथलीच एक लाभार्थी!"

मी स्टेजवर गेले. त्याने माइक पुढे केला आणि हळूच म्हणाला, "दोनच वाक्यं हां. थँक्यू वगैरे."

मी हात जोडले. म्हणाले, "क्लबने आमच्या पाड्यासाठी एवढं केलं, त्याबद्दल मी क्लबची आभारी आहे." टाळ्या पडल्या. चांगल्या पडल्या.

ते ॲप मी लिहिलं होतं.

डोळखांबच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकून आमचा पाडा आहे. खाली भात, वर उतारावर नाचणी. शिमगा झाला की निम्मी घरं कुलूप लावून कामाला बाहेर पडतात. माझ्या घरात माझ्याआधी कुणी दहावीला बसलं नव्हतं. मी आश्रमशाळेत शिकले. तिथल्या संगणकखोलीत धूळ खात पडलेल्या यंत्रांपैकी एकच चालू होतं, आणि गुरुजींनी त्या खोलीची किल्ली माझ्याकडे देऊन टाकली होती. "बिघडलं तर बिघडू दे," म्हणाले, "बिघडल्याशिवाय कळत नाही." पुढे शहापूरला बारावी, मग हे इंजिनीअरिंग कॉलेज आणि सरकारी वसतिगृह.

मी कृतज्ञ मुलगी आहे. हे मी उपरोधाने म्हणत नाही. गुरुजींचे, वसतिगृहाच्या गृहपाल बाईंचे, माझी फी ज्या शिष्यवृत्तीतून जाते तिचे आभार मला मनापासून मानावेसे वाटतात. कुणी मला पाणी दिलं तरी मी थँक्यू म्हणते. त्यामुळे एक दिवस आभार या शब्दाचीच मला चीड येईल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षाला मी टेक्निकल क्लबात गेले ते सरळ हिशोबाने. आमच्या कॉलेजात चांगल्या कंपन्या इंटर्नशिपला मुलं घ्यायला येतात तेव्हा क्लबातल्या मुलांना आधी विचारतात. क्लबात पद असेल तर आणखी आधी. ज्यांचे मामा-काका कंपन्यांत आहेत त्यांना क्लब नसला तरी चालतं. माझा मामा कसाऱ्याला हायवेच्या कामावर डांबर टाकतो.

इंटर्नशिप म्हणजे काय, हे आईला सांगताना मी म्हणाले होते, "नोकरी लागायच्या आधी काम करून दाखवाचा."

ती म्हणाली, "ता तं तू करतंसच."

करतच होते. खुर्च्या लावल्या. बॅनर बांधले. पाहुण्यांच्या बिसलेरीच्या बाटल्या टेबलांवर ठेवल्या. आणि कोड लिहिला. ईशानच्या दुसऱ्या प्रोजेक्टचा अर्धा कोड माझा. क्लबच्या वेबसाइटचा सगळा माझा. रिया म्हणून एक मुलगी आहे, क्लबची सचिव. तिने एका स्पर्धेत बक्षीस घेतलं, त्याचं आतलं काम माझं. प्रत्येक वेळी "तू ना, किती स्वीट आहेस!" एवढं ऐकायला मिळालं. नाव कुठेच आलं नाही. आणि मी मागितलंही नाही.

का नाही मागितलं? वर्गातल्या मुली म्हणतील, बावळट. तसं नाही. आमच्याकडचा कुणीही तिथे असता तर त्याने हेच केलं असतं.

आमच्याकडे लावणी सावडीने होते. आज सगळे तुमच्या शेतात, उद्या सगळे माझ्या. मजुरी नाही, लिहून ठेवणं नाही. कंबर मोडेपर्यंत दुसऱ्याच्या वावरात वाकायचं, आणि मनात शंका ठेवायची नाही, कारण आपला चिखल तयार झाला की लोक आपोआप येतात. माझी पाळी कधी, असं विचारणारा माणूस आमच्यात हलका समजतात. लहानपणी एकदा मी आईला विचारलं होतं, आपल्याकडं कधी येनार? तर हातातली रोपं तशीच धरून तिने डोळे वटारले होते.

मी ते घेऊन कॉलेजात गेले. मला वाटलं, टीमवर्क म्हणतात ते हेच. मी त्यांच्या वावरात वाकत राहिले. माझा चिखल तयार झाला की येतीलच.

तो चिखल म्हणजे हे ॲप.

आमच्या पाड्यावर रेंज येत नाही. लस टोचणारी सिस्टर कधी येणार, रेशन आलं की नाही, एसटी बंद आहे का, हे खाली डोळखांबला गेल्याशिवाय कळत नाही. सिस्टर येऊन परत जाते, बाया रानात असतात. मी असं ॲप केलं, की खाली रेंजमध्ये गेलेल्या एका माणसाच्या फोनमध्ये निरोप उतरावा, आणि तो पाड्यावर आला की त्याच्या फोनमधून बाकीच्या फोनांत जावा. वाचायचं कुणी? म्हणून फोनने बोलायचं. स्टेशनवर घोषणा होते तसं, तुकडे जोडून. ते तुकडे माझ्या आईने दिले. उन्हाळ्याच्या सुट्टीत ओट्यावर बसून तिने वारांची नावं म्हटली, पाड्यांची नावं म्हटली. कोंबडी ओरडली की मी म्हणायचे, "आये, परत." ती कोंबडीला शिव्या द्यायची आणि परत म्हणायची. पाड्यावर तो आवाज कुणी हसण्यावारी नेला नाही. तिचं ऐकून बाया वेळेवर अंगणवाडीत गेल्या.

कॉलेज उघडल्यावर मी ते ईशानला दाखवलं. तो खरोखर खूश झाला. एका मोठ्या कंपनीची स्पर्धा होती. पहिली फेरी कॉलेजात, मग अंतिम फेरी, तीही आमच्याच सभागृहात. जिंकणाऱ्या टीममधल्या चौघांना थेट इंटर्नशिप. ईशान म्हणाला, "हेच टाकू. क्लबकडून." मला वाटलं, आले. माझ्या बांधावर आले.

टीम जाहीर झाली. ईशान, रिया आणि आणखी दोघं. मी विचारलं तर ईशान म्हणाला, "अगं, तू फील्ड आहेस आमची! तू तर टीमपेक्षा मोठी."

फील्ड. म्हणजे जिथे जाऊन बघायचं ते.

त्यांना गावाचे फोटो हवे होते. पाडा त्यांना लांब पडत होता. ईशानच्या वडिलांचं मुरबाडला फार्महाउस आहे. तो नेहमी म्हणतो, "आम्हीपण तिकडचेच." एका रविवारी गाड्या घेऊन सगळे तिकडे गेले, मलाही नेलं. फार्महाउसच्या मागे राखण करणाऱ्या कुटुंबाची खोली आहे, त्या खोलीच्या भिंतीसमोर मला उभं करून फोन हातात दिला आणि फोटो काढले. जेवायच्या वेळी पुढच्या व्हरांड्यात टेबल मांडलं. मी बसायला गेले तर रिया अगदी प्रेमाने म्हणाली, "अगं, तू मागे जेव ना. तिकडे भाकरी केलीय, तुमच्याकडचंच जेवण. तुला आवडेल."

मी मागे गेले. राखणदाराची बायको चुलीपुढे बसली होती. माझ्या हातावर भाकरी ठेवत तिने विचारलं, "तू कवापासून लागलीस गो यांच्याकडं कामाला?"

तिने विचारलं ते आपुलकीने. तिला दोष नाही. तिने जे दिसलं ते विचारलं.

मग ती पहिली फेरी. आईचा आवाज, हशा, लुगडं, हात जोडणं. आमची टीम अंतिम फेरीत गेली. 'आमची' म्हणायची सवय जात नाही.

त्यानंतरच्या सुट्टीत मी घरी गेले. कापण्या उरकल्या होत्या, काकाच्या खळ्यावर भात झोडायला सगळे जमले होते. मला बघून काकी ओरडली, "आली गो इंजिनेर! आता मशीन काड पिशवीतनं नि दे सगळा झोडून."

"मशीन नाय आनली काकी, हात आनलेत," मी म्हटलं.

"हात कशाला, ते हायेतच आमच्याकडं!" सगळे हसले. हे हसणं वेगळं. या हसण्यात मला जागा होती.

दुपारी सावलीला बसलो तेव्हा आईने हळूच विचारलं. आठवडाभर वाट बघितली असणार तिने हे विचारायची.

"माजा आवाज लावलास का तिथं?"

"लावला."

"काय म्हनली मानसां?"

"आयकला सगल्यांनी."

तिने पेंढ्याची काडी मोडली. म्हणाली, "हसली आसतील."

मी पायाजवळचे सांडलेले दाणे वेचायला लागले.

"हसूंदे. मी काय तिथं नव्हते. उबी तू होतीस." मग विचारलं, "तुजा नाव पुकारला का?"

"नाय."

"मंग कोनाचा?"

"त्या चौघांचा."

"पन काम तं तुजा." तिला खरंच कळत नव्हतं. "तू त्यांची कामां केलीस ना गो, दोन पावसालं? मंग आता तुजी पाली. आली नाय ती?"

"नाय आये. कोन आला नाय."

आमच्यात जे कधी विचारत नाहीत ते तिने विचारलं होतं, आणि मी ते सांगितलं होतं. ती उठली. लुगड्याला लागलेला भुसा झटकला. तिचा आवाज चढला नाही.

"मंग ती सावड नाय गो बाय. ती वेठ हाय. तुज्या आज्यानं केलीय. शेटच्या घरी गवताचं भारं न्यायचा, त्याचा आंगन सारवून द्यायचा, आन सांजचा शिली भाकर दिली का हात जोडून उबा र्‍हायाचा. देवा, तुमी हाव म्हनून आमी हाव, आसा बोलायचा. तुजा बा ल्हान होता, तो बगायचा." मग माझ्याकडे वळली. "तू जोडलंस का हात?"

मी हात मागे घेतले. ती समजली. परत खळ्यावर गेली आणि पेंढी उचलून अशी आपटली, की बाजूचे बघायला लागले.

माझा आजा मी बघितलेला नाही. तो अडाणी होता, जमीन शेटच्या ताब्यात होती, त्याला दुसरा मार्ग नव्हता. मला होता. मी शिकलेली. मी कोड लिहिणारी. मला गुडघ्यावर लुगडं खोचायला कुणी दांडका दाखवला नव्हता. नुसतं गोड बोलले होते. दांडका परवडला, तो निदान दिसतो तरी.

कॉलेज सुरू झालं त्याच दिवशी मी क्लबच्या खोलीत गेले. ईशान होता, रिया होती, मॅडम होत्या.

"मला टीममध्ये नाव हवंय," मी म्हटलं.

ईशान हसला. "अगं, टीम फ्रीज झालीय. आणि तू आहेसच ना आमच्यात."

"आहे तर नाव घाला."

मॅडम म्हणाल्या, "हे बघ बाळा, कंपनीचे लोक इंग्रजीत प्रश्न विचारतात. तू अडखळलीस तर कॉलेजचं नाव जाईल."

"अडखळेन, मॅडम. पण उत्तर बरोबर देईन. कोड माझा आहे."

रियाने खुर्ची फिरवली. "तुला काय टेन्शन आहे गं? तुमचं तर सगळं कोट्यातून होतंच. झगडावं आम्हाला लागतं."

आश्रमशाळेत पावसाळ्यात छत गळायचं तेव्हा आम्ही पत्र्याच्या पेट्या डोक्यावर धरून झोपायचो. ते मी सांगितलं नाही. तिला ते आवडलं असतं. स्लाइडवर घातलं असतं.

मॅडमचा आवाज बदलला. "कृतज्ञता नावाची काही गोष्ट असते. क्लबने तुला स्टेज दिलं."

"गुडघ्यापर्यंत लुगडं खोचायला लावून दिलं, मॅडम."

"भाषा सांभाळ."

"भाषा सांभाळूनच बोलतेय. तो आवाज माझ्या आईचा आहे. तिने तो मला दिला, क्लबला नाही. नाव नाही तर आवाजही नाही. तुमच्या देखत काढतेय."

क्लबच्या लॅपटॉपवर बसून मी आईचा एकेक तुकडा काढला. सोमवार काढला. मंगळवार काढला. 'या गो' काढलं. कुणी अडवलं नाही. ईशान मोबाइल बघत होता. शेवटी म्हणाला, "झालं? ठीक आहे. आवाज काय, कोणाचाही घेता येतो."

मी ते ऐकलं, पण मला त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही. मला वाटलं, चिडून बोलला. मला वाटलं, आता अडेल. आता मला बोलवायला येतील.

अंतिम फेरीला मी मागच्या रांगेत बसले होते. पुढे कंपनीचे पाहुणे. स्लाइडवर मुरबाडच्या फार्महाउसची मागची भिंत, त्यावर अक्षरं, 'आमचं गाव'. भिंतीसमोर मी होते, पण चेहरा कापून फक्त हात आणि फोन ठेवला होता. ईशानने बटण दाबलं.

"बायांनू, ऐका वो! सुईवाली बाई आली वो!"

रियाचा आवाज. टीव्हीवरच्या मालिकेत मोलकरीण बोलते तसला. तसं डोळखांबला कुणी बोलत नाही, मुरबाडला नाही, कुठेच नाही. या वेळी कुणी हसलं नाही. पाहुणे मान हलवत होते. त्यांना पटलं होतं.

स्टेजवर टीमचे तिघंच दिसत होते; ईशानने "तिथलीच एक लाभार्थी!" असं पुकारलं आणि पडद्यामागून रिया आली. लुगडं नेसून. भाड्याने कपडे मिळतात त्या दुकानातलं, जरीकाठाचं, गुडघ्यापर्यंत खोचलेलं. कपाळावर मोठं कुंकू, डोक्यात गजरा. तिने हात जोडले आणि म्हणाली, "आमी लई आभारी हाव."

मी आईचा आवाज काढून घेतला होता, स्वतःला काढून घेतलं होतं, आणि त्यांचं काडीचंही अडलं नव्हतं. त्यांना माझी गरज कधी नव्हतीच. एक लुगडं आणि दोन जोडलेले हात, एवढीच गरज होती, आणि ते कुठल्याही दुकानात मिळतं.

मी उठून उभी राहिले. ठरवलेलं नव्हतं. माइक नव्हता, म्हणून ओरडावं लागलं.

"ते ॲप मी लिहिलंय. लाभार्थी म्हणून जी उभी आहे ती क्लबची सचिव आहे. आमच्या पाड्यावर असं कुणी बोलत नाही. आमच्या बाया असे हात जोडत नाहीत. तुम्ही आमची मदत करत नाही, आमचं सोंग काढताय!"

सगळे वळले. मॅडम अर्धवट उठून म्हणाल्या, "बस खाली!" मी बसले नाही. ईशानने माइक तोंडाजवळ घेतला आणि शांतपणे म्हणाला, "सॉरी सर. आमची व्हॉलंटिअर आहे. थोडी इमोशनल आहे." सभागृहात खसखस पिकली. कंपनीचा एक माणूस म्हणाला, "हे आपण नंतर बोलू." दोन पोरं माझ्या दोन्ही बाजूंना येऊन उभी राहिली. हात लावला नाही. नुसती उभी राहिली. मी चालत बाहेर गेले.

नंतर कुणी बोललं नाही. पाहुण्यांतल्या एक बाई जाताना थांबल्या तेवढ्या. म्हणाल्या, "तुझा मुद्दा बरोबर असेल. पण पद्धत चुकली. प्रोफेशनल जगात असं ओरडत नाहीत."

"मग कसं बोलतात, मॅडम? ते सांगा. मी तसं बोलते."

त्यांचा फोन वाजला. किंवा वाजला नाही, त्यांनी नुसता कानाला लावला.

आमच्या कॉलेजची टीम जिंकली. चौघांना इंटर्नशिप मिळाली. कॉलेजच्या पानावर चौघांचा फोटो आला, मधोमध मॅडम. मला क्लबच्या ग्रुपमधून काढलं. ईशानने मला एक निरोप पाठवला: 'तुला आम्ही आमचं मानलं होतं.' मॅडम वर्गात, माझ्याकडे न बघता, कृतघ्न माणसांवर बोलल्या. माझी वसतिगृहातली मैत्रीण, मोखाड्याकडची, माझ्यासारखीच घरातली पहिली शिकणारी, म्हणाली, "कशाला बोललीस? आपल्याला डिगरी घेऊन गप बाहेर पडाचाय." मी तिच्यावर चिडले. मग लक्षात आलं, तीही क्लबात बाटल्या लावत असते.

मला ती इंटर्नशिप हवी होती. अजूनही हवी आहे. नाही मिळाली म्हणून ती आंबट होती असं मी म्हणणार नाही. रात्रंदिवस मी त्यासाठी खपले होते आणि ती माझ्यासमोर उचलून दुसऱ्यांना दिली. त्याचा राग गेलेला नाही. तो जावा असंही मला वाटत नाही. माझ्या आज्याला या रागाची चैन परवडली नव्हती.

आता क्लबची पुढच्या वर्षीची निवड आहे. निवड म्हणतात, पण असते ती नुसती घोषणा. जुना अध्यक्ष मॅडमना नावं सांगतो, मॅडम ती ग्रुपवर टाकतात, सगळे टाळ्यांची चित्रं पाठवतात. मी जाहीर केलं आहे की मी अध्यक्षपदाला उभी आहे. वर्गावर्गात जाऊन सांगितलं. खुर्च्या लावणाऱ्यांना सांगितलं, बाटल्या ठेवणाऱ्यांना सांगितलं: ज्याचं काम त्याचं नाव, त्याशिवाय क्लबचं कुठलंही काम बाहेर जाणार नाही, मी आले तर पहिला नियम हा. काही हसले. काहींनी आजूबाजूला बघून हळूच मान हलवली.

परवा मॅडमनी बोलावलं. दार लावून घेतलं. या वेळी बाळा म्हणाल्या नाहीत.

"तू उभी राहू नकोस. उद्या तुला शिफारसपत्र लागेल ना? ते माझ्याच सहीने जातं."

"लागेल, मॅडम," मी म्हटलं. "पण उभी राहणार."

"मी तुला घेणार नाही."

"नका घेऊ. पण दार लावून नाही."

मला ते पद हवं आहे. सेवा करायची म्हणून नाही, संधी द्या म्हणून नाही. मला ते काम येतं, मी ते दोन वर्षं करते आहे, म्हणून हवं आहे. नको म्हणायचं असेल तर सभागृहात म्हणा. सगळ्यांसमोर म्हणा, माझं नाव घेऊन म्हणा, कारण सांगून म्हणा. आणि ते सांगून झालं की मी घरी जाईन असं समजू नका. माझं अजून एक वर्ष याच कॉलेजात जायचं आहे. तुम्हाला ते माझ्यासमोर काढावं लागेल.